पत्त्यांचा कारभारी : जॉन पोस्टेल

दूरच्या मित्रास पत्र पाठवावयाचे असले म्हणजे पाकिटावर त्याचा पत्ता लिहावा लागतो. पत्ता अचूक असला, तर टपालखात्याचे अनेक अपरिचित हात ते पत्र एका गावाहून दुसऱ्या गावी नेऊन योग्य दारी पोहोचवितात. परंतु एकाच आळीतील दोन घरांना एकच क्रमांक दिला गेला तर? एकाचे पत्र दुसऱ्याच्या हाती पडेल आणि सारा कारभार कोलमडेल.

संगणकांच्या जगालाही हाच न्याय लागू आहे. आज कोट्यवधी यंत्रे इंटरनेट नावाच्या एका विशाल जाळ्यात गुंफली गेली आहेत. या जाळ्यात संदेश बिनचूक पोहोचावयाचा, तर पत्ते, क्रमांक आणि नावे यांची नोंद कोणीतरी काटेकोरपणे ठेवावी लागते. हे जाळे बाल्यावस्थेत होते तेव्हापासून ते साऱ्या जगावर पसरेपर्यंत, पाव शतकाहून अधिक काळ, ही नोंद मुख्यतः एका मनुष्याने सांभाळली. त्याच्याजवळ ना शिपाई होते, ना सिंहासन. लोकांचा विश्वास हीच त्याची खरी सत्ता होती. त्या मनुष्याचे नाव जॉन पोस्टेल.

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म 6 ऑगस्ट 1943 रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आल्टाडीना या गावी झाला. लॉस एंजेलिस शहराजवळच्या व्हॅन नाइस येथील शाळेत त्यांचे शिक्षण झाले. स्टीव्ह क्रॉकर आणि व्हिंट सर्फ हे विद्यार्थीही त्याच शाळेतले. पुढे या तिघांची नावे एकाच कार्याशी जोडली जावयाची होती. परंतु त्या वेळी कोणास त्याची कल्पना असणार? शाळा संपल्यावर पोस्टेल लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी 1966 मध्ये अभियांत्रिकीची पदवी आणि 1968 मध्ये त्यापुढची पदवी मिळविली.

त्या काळी संगणक म्हणजे मोठाल्या कपाटांनी भरलेली खोली असे. तो फार महाग असल्याने थोड्याच विद्यापीठांत आढळे, आणि एका ठिकाणचा संगणक दुसऱ्या ठिकाणच्या संगणकाशी सहसा बोलत नसे. हे संगणक एकमेकांस जोडावेत, म्हणजे एका गावचा संशोधक दुसऱ्या गावच्या यंत्रावर काम करू शकेल, असा विचार अमेरिकेच्या संरक्षणखात्याच्या एका संशोधनसंस्थेने केला. संदेश कसा न्यावा याची युक्ती अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे शोधून काढली होती. संपूर्ण संदेश एकाच तारेवरून सलग पाठवावयाचा नाही. त्याचे लहान लहान तुकडे करावयाचे, तुकड्यांवर पत्ता घालावयाचा आणि वाट मोकळी असेल तसतसे ते एका नाक्यावरून पुढच्या नाक्याकडे पाठवावयाचे. एखादा रस्ता तुटला, तर तुकडे दुसऱ्या रस्त्याने जातील. मुक्कामी पोहोचल्यावर ते पुन्हा क्रमाने जुळविता येतील.

या युक्तीवर उभारलेल्या जाळ्याचे पहिले केंद्र होण्याचा मान पोस्टेल शिकत असलेल्या विद्यापीठाला मिळाला. प्राध्यापक लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांत क्रॉकर, सर्फ आणि पोस्टेल होते. 29 ऑक्टोबर 1969 च्या रात्री तेथील चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने शेकडो मैल दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेच्या संगणकाकडे एक शब्द अक्षरे जुळवून पाठविण्यास प्रारंभ केला. दोन अक्षरे पोहोचली, आणि पलीकडचा संगणक बंद पडला! परंतु विद्यार्थी खचले नाहीत. सुमारे एका तासाने प्रयत्न सफल झाला. त्या वर्षाच्या अखेरीस जाळ्यात चार केंद्रे आली.

संगणकांना तारेने जोडणे हा कामाचा एक भाग होता. त्यांना एकमेकांची भाषा समजणे हा दुसरा, आणि तोच अधिक अवघड. संभाषणास आरंभ कोणी करावा, तुकडा हरवल्यास काय करावे, बोलणे संपले हे कसे ओळखावे, या सर्वांचे नियम ठरवावे लागत. ते ठरविण्याचे काम तरुण विद्यार्थ्यांवरच येऊन पडले होते. आपण वडीलधाऱ्यांना हुकूम सोडीत आहोत असे कोणास वाटू नये, म्हणून स्टीव्ह क्रॉकर यांनी 1969 च्या एप्रिलमध्ये आपल्या पहिल्या टिपणाला अभिप्राय मागणारी विनंती असे नम्र नाव दिले. पुढे अशा क्रमांकित टिपणांची एक मालिकाच झाली. प्रारंभी ती कागदावर लिहून टपालाने पाठवीत. या मालिकेचे संपादन पोस्टेल यांनी आपल्याकडे घेतले आणि मृत्यूपर्यंत, सुमारे 28 वर्षे, ते काम निष्ठेने केले.

संपादन म्हणजे नुसते शुद्धलेखन तपासणे नव्हे. नियम वाचून दूर देशी बसलेल्या परक्या अभियंत्याला तसेच यंत्र तयार करता आले पाहिजे. एक शब्द संदिग्ध राहिला, तर दोन यंत्रे दोन अर्थ घेणार आणि संभाषण खुंटणार. म्हणून पोस्टेल प्रत्येक टिपण बारकाईने वाचीत आणि ढिसाळ मजकूर लेखकाकडे परत पाठवीत. छापलेले टिपण मात्र कोणासही विनामूल्य वाचावयास मिळे. ज्ञान कुलूपबंद न ठेवण्याच्या या रीतीमुळे इंटरनेट देशोदेशी पसरण्यास मोठे साहाय्य झाले.

टिपणांबरोबर आणखी एक काम पोस्टेल यांच्याकडे आले. एकाच संगणकावर अनेक प्रकारची कामे चालतात. कोठे पत्रे येतात, कोठे मोठे दस्तऐवज येतात. आलेला संदेश कोणत्या कामासाठी आहे हे ओळखता यावे, म्हणून प्रत्येक कामाला एक क्रमांक द्यावा लागतो. हे क्रमांक जो तो आपल्या मनाने घेऊ लागला, तर गोंधळ होणार हे उघड होते. 1972 च्या मे महिन्यात पोस्टेल यांनी एका टिपणात सुचविले की, असे क्रमांक वाटून देणारा एक अधिकारी असावा. त्या पदाला त्यांनी थट्टेने सम्राटाचे नाव दिले, आणि कंसात प्रश्नचिन्ह घालून स्वतःचेच नाव पुढे केले. थट्टेत सुरू झालेले हे काम पुढे जगाच्या व्यवहाराचा पाया ठरले. क्रमांकांच्या याद्या वाढत गेल्या; त्यांत पुढे जाळ्यांचे पत्तेही आले.

1974 मध्ये त्यांनी संगणकांच्या संभाषणाच्या नियमांवर प्रबंध लिहून डॉक्टरची पदवी मिळविली. 1977 च्या मार्चमध्ये ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत रुजू झाले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत तेथेच राहिले. तेथे जॉइस रेनल्ड्स या विदुषी त्यांच्या सहकारी झाल्या. टिपणांचे संपादन आणि क्रमांकांची नोंद यांचा भार त्यांनी पोस्टेल यांच्याबरोबर वर्षानुवर्षे वाहिला.

याच सुमारास एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहिला. आता केवळ एक जाळे राहिले नव्हते. तारेचे जाळे, आकाशवाणीच्या लहरींचे जाळे, उपग्रहाचे जाळे अशी अनेक जाळी झाली होती आणि त्या सर्वांना जोडून जाळ्यांचे जाळे करावयाचे होते. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी त्यासाठी नियमांचा एक संच रचला होता. त्या संचात दोन कामे एकत्र मिसळली होती. तुकड्याला पत्ता पाहून वाटेला लावणे हे एक, आणि सर्व तुकडे पोहोचले की नाहीत हे पाहून ते क्रमाने लावणे हे दुसरे.

1977 च्या ऑगस्टमध्ये पोस्टेल यांनी एक टिपण लिहून, आपली रचना चुकीच्या वाटेने चालली आहे, असे स्पष्ट बजाविले. रचना करणारे त्यांचे मित्रच होते. परंतु मैत्रीखातर दोष झाकून ठेवणे त्यांना मान्य नव्हते. वाटेतील टपालवाल्याने पत्राचा पत्ता पाहावा आणि पत्र पुढे द्यावे. पत्राची पाने मोजणे हे पाठविणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे काम आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मधल्या यंत्रांवर थोडाच भार ठेवला, तर ती साधी व वेगवान राहतील आणि जाळे कितीही वाढविता येईल.

डॅनी कोहेन या संशोधकालाही अशीच विभागणी हवी होती. तो जाळ्यावरून मनुष्याचा आवाज पाठविण्याच्या खटपटीत होता. पत्रातील हरवलेले पान पुन्हा मागविता येते. परंतु बोलताना निसटलेल्या एका अक्षरासाठी थांबून राहिले, तर सारे बोलणेच तुटते. अखेर 1978 मध्ये दोन्ही कामे वेगळी करण्यात आली. वाट दाखविणारा नियम निराळा आणि क्रम लावणारा नियम निराळा झाला. ज्यांना क्रमापेक्षा वेग हवा, त्यांच्यासाठी पोस्टेल यांनी 1980 मध्ये अवघ्या तीन पानांचा आणखी एक नियम लिहिला. या विभागणीवरच आजचे इंटरनेट उभे आहे.

या नियमांत पोस्टेल यांनी एक व्यवहारसूत्र घातले. आपण पाठवावयाचा संदेश नियमांत काटेकोर बसणारा असावा. दुसऱ्याचा संदेश घेताना मात्र त्यातील लहानसहान चुका पोटात घालून अर्थ समजून घ्यावा, असे ते सूत्र. फार सवलत दिली तर चुका रुळतात, असा आक्षेप पुढील काळातील अभियंत्यांनी त्यावर घेतला आहे. तथापि निरनिराळ्या लोकांनी बनविलेली नवी यंत्रे जेव्हा प्रथमच एकमेकांशी बोलू लागली होती, तेव्हा या उदार सूत्राने त्यांचे संभाषण टिकविले.

1981 च्या सप्टेंबरमध्ये पोस्टेल यांनी संपादित केलेले हे मुख्य नियम प्रसिद्ध झाले. आता जुने नियम सोडून सर्वांनी नव्यांचा स्वीकार करावयाचा होता. चालत्या गाडीची चाके बदलण्यासारखेच ते काम! पोस्टेल यांनी त्याचे वेळापत्रक लिहिले आणि 1 जानेवारी 1983 हा दिवस मुक्रर झाला. तरीही पुष्कळांनी चालढकल केली. तेव्हा 1982 मध्ये जुने नियम काही काळ मुद्दाम बंद ठेवून, जे बेसावध होते त्यांना जागे करण्यात आले. ठरलेल्या दिवशी बदल झाला. काही केंद्रांची त्रेधा उडाली आणि ती सावरण्यास काही महिने लागले. परंतु जाळे तुटले नाही. पत्रव्यवहाराचा जो नियम पोस्टेल यांनी 1982 मध्ये लिहिला, त्याच्याच सुधारलेल्या रूपाने आजही जगाची विद्युत्पत्रे एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जातात.

यंत्रांना अंक आवडतात. माणसांना नावे लक्षात राहतात. पूर्वी सर्व संगणकांची नावे एकाच यादीत लिहून ती यादी सर्वांना पाठवीत. संगणक वाढले तशी ती यादी आवरेना. पोस्टेल यांनी हा प्रश्न पॉल मोकापेट्रिस या सहकाऱ्यापुढे ठेवला, आणि 1983 मध्ये नावांची एक नवी व्यवस्था जन्मास आली. तिची रचना एखाद्या वृक्षासारखी आहे. मुळाशी एक छोटी यादी, तिच्यापासून मोठ्या फांद्या आणि त्यांना लहान डहाळ्या. प्रत्येक फांदीचा कारभार त्या त्या फांदीच्या मालकाकडे. 1984 मध्ये पोस्टेल आणि रेनल्ड्स यांनी या फांद्यांचे नियम लिहिले. व्यापार, शिक्षण, सरकार इत्यादींना एकेक फांदी मिळाली आणि प्रत्येक देशाला दोन अक्षरांची स्वतंत्र फांदी मिळाली.

येथे एक नाजूक प्रश्न निर्माण झाला. देश म्हणजे कोणता? जगात अनेक प्रदेशांविषयी वाद आहेत. एकाला देश मानावे तर दुसरा रागावतो. हा निर्णय एका संगणकतज्ज्ञाने आपल्या टेबलाशी बसून करणे योग्य नव्हे, हे पोस्टेल यांनी ओळखले. मानकीकरणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने देशांच्या दोन अक्षरी खुणांची एक यादी पूर्वीच केलेली होती. पोस्टेल यांनी तीच स्वीकारली. त्या यादीत ज्याचे नाव, त्याला फांदी. इतका सरळ नियम त्यांनी घालून दिला. भारताची 'इन' ही फांदी याच यादीप्रमाणे 1989 मध्ये नोंदविली गेली. फांदी मिळविणारा हा तिचा मालक नसून विश्वस्त आहे, त्याने देशाची आणि जगाची सेवा करावी, असेही त्यांनी 1994 मध्ये लिहून ठेविले. आपल्याला कितपत अधिकार आहे हे ज्याला कळते, त्याच्या हाती अधिकार शोभतो.

पोस्टेल यांची राहणी अत्यंत साधी होती. लांब दाढी आणि पायांत सपाता असा त्यांचा वेष असे. सुटी मिळाली की पाठीवर सामान बांधून ते डोंगरवाटा तुडवावयास निघत. ते मितभाषी होते, तरी त्यांना विनोदाचे वावडे नव्हते. 1 एप्रिल रोजी त्यांच्या गंभीर टिपणमालेत एखादे थट्टेचे टिपणही प्रसिद्ध होई. 1990 च्या अशा एका टिपणात संदेशाचे तुकडे कबुतरांच्या पायाला बांधून कसे पाठवावेत, याचे नियम अगदी गंभीरपणे दिले होते. 2001 मध्ये नॉर्वेमधील काही हौशी मंडळींनी तो प्रयोग खरोखरच करून पाहिला!

1990 नंतर इंटरनेटचे रूप पालटले. विद्यापीठांचे हे जाळे बाजारपेठ बनले. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने भारतातील सामान्य जनतेसाठीही त्याचे दार उघडले. त्याच वर्षी अमेरिकेत व्यापारी नावांच्या नोंदीसाठी पैसे आकारण्यास प्रारंभ झाला. नावांना मोल आले आणि त्याबरोबर भांडणेही आली. नावांची मूळ यादी कोणाच्या ताब्यात असावी? अमेरिकेच्या सरकारच्या, व्यापारी कंपनीच्या, की साऱ्या जगाच्या?

त्या वेळी मूळ यादी 13 यंत्रांवर ठेवलेली असे. त्यांपैकी मुख्य यंत्र सरकारशी करार केलेल्या एका कंपनीकडे होते आणि इतर यंत्रे त्यावरून यादी उतरवून घेत. 28 जानेवारी 1998 रोजी पोस्टेल यांनी त्यांतील आठ यंत्रांच्या चालकांना पत्र पाठविले आणि यापुढे यादी आपल्या संस्थेतील यंत्रावरून घ्यावी, असे सुचविले. आठही जणांनी ते मानले. त्यांना सक्ती करण्याचे कोणतेही साधन पोस्टेल यांच्याजवळ नव्हते. त्यांनी मानले ते केवळ विश्वासामुळे. दोन्ही याद्या सारख्याच असल्याने जगात कोणाचा संदेश अडला नाही. परंतु सरकारी अधिकारी हादरले. त्यांनी ही कृती मागे घेण्यास सांगितले. ही केवळ एक चाचणी होती, असे पोस्टेल यांनी कळविले आणि थोड्याच दिवसांत सर्व पूर्ववत केले. काहींनी त्यांना दोष दिला, तर काहींना त्यात सत्तेला दिलेला शांत इशारा दिसला. एक गोष्ट मात्र सर्वांना कळून चुकली. साऱ्या जगाचा व्यवहार ज्यावर चालतो, ते काम एका माणसावर सोपवून भागणार नव्हते, मग तो माणूस कितीही सज्जन असो.

हे पोस्टेल यांनाही उमगले होते. आपल्या पश्चात हे काम जगातील सर्वांच्या वतीने चालावे, म्हणून एक स्वतंत्र, नफा न घेणारी संस्था स्थापण्याच्या खटपटीस ते लागले. तिचे नियम घडविण्यात त्यांनी पुढाकार घेतला, आणि सप्टेंबर 1998 च्या अखेरीस 'आयकॅन' या नावाने ती संस्था स्थापन झाली. परंतु तिची वाढ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. 16 ऑक्टोबर 1998 रोजी, हृदयावरील शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे 55 वर्षांचे होते.

पोस्टेल यांनी आयुष्यभर ज्या टिपणमालेची जोपासना केली, तिच्यातच व्हिंट सर्फ यांनी आपल्या शाळेतील या सोबत्यास श्रद्धांजली वाहिली. त्या टिपणाचा क्रमांक 2468 आहे. पुढील वर्षापासून इंटरनेटची निःस्वार्थ सेवा करणाऱ्यांना पोस्टेल यांच्या नावाने पुरस्कार दिला जाऊ लागला आणि पहिला पुरस्कार त्यांनाच मरणोत्तर देण्यात आला.

मोठे धरण बांधणाऱ्याचे काम सर्वांना दिसते; परंतु गावच्या पाण्याच्या पाळ्या वर्षानुवर्षे न्यायाने लावणाऱ्या मनुष्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्याने एकदा जरी आपपरभाव केला, तरी धरणात पाणी असूनही शेते कोरडी राहतील. जॉन पोस्टेल यांनी असेच न दिसणारे काम पत्करले. लाखो अनोळखी माणसांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा, म्हणून त्यांनी प्रथम स्वतः विश्वासास पात्र होऊन दाखविले. आज एका क्षणात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन योग्य दारीच पोहोचणाऱ्या प्रत्येक संदेशात त्यांच्या कष्टांचा वाटा आहे.